वालेंतचा उजवा हात

रविवारी दुपारी दीडच्या सुमाराला वालेंत म्हणाला, "म्हातारे, माझा उजवा हात दुखतोय."

एवढंच म्हणाला. आणि पाच वाजून दहा मिनिटांनी तो गेला. मधले सगळे तास त्याची बायको यालझा त्याच्याजवळच होती, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, आणि तिला काही म्हणता काही करता आलं नाही.

चित्रांच्या जत्रेचा तो तिसरा दिवस, शेवटचा. जुलै महिना. शहराच्या चौकात मोठी झाडं आहेत, त्यांच्या सावलीतले तंबू मिळतात ते ज्यांची चित्रं परदेशात जातात त्यांना. आमच्या वालेंतला दरवर्षी मागच्या रांगेतला, उन्हातला मिळायचा. यंदा एकतीस नंबर. पांढऱ्या प्लॅस्टिकचा तंबू, तीन बाजूंनी बंद, आत शिरलं की पावाच्या भट्टीत डोकं घातल्यासारखं व्हायचं. बाजू गुंडाळून वर बांधावी तर वारा आत येतो, आणि वारा आला की काचा हलतात. म्हणून बाजू बंदच ठेवायच्या आणि घाम पुसत बसायचं.

काचा म्हणजे चित्रंच. आमच्या गावाला चित्रं कागदावर नाही काढत, काचेवर काढतात, आणि तीही काचेच्या मागच्या बाजूनं. त्यामुळे पुढून जे आधी दिसायचं ते आधी काढायचं. आधी कोंबडीचा डोळा, मग कोंबडी, मग अंगण, मग घर, आणि सगळ्यात शेवटी आभाळ. डोळा चुकला तर तो मग आभाळाखाली गाडला जातो, दुरुस्त करायला वाट नाही. आणि सगळं उलटं. मागून जो डावा तो पुढून उजवा. सहीसुद्धा उलटी करायची. इतकी वर्षं उलटी सही करून वालेंतचं असं झालं होतं की पोस्टात कुणी सही मागितली तर पेन धरून नुसता उभा राहायचा, मागच्या रांगेतले लोक ओरडायचे.

म्हणून आमच्याकडे म्हणतात, काचवाल्याला रस्ता विचारू नये, नदीत पोचाल. लोक हसण्यावारी नेतात पण ते खरंच तसं होतं. एकदा गाय लंगडायला लागली तर वालेंतनं डॉक्टरला सांगितलं उजवा मागचा पाय. डॉक्टरनं उजवा उचलला. गायीनं दुखऱ्या डाव्यावर भार आला तशी त्याला जी लाथ घातली, तो सरळ शेणात. डॉक्टर म्हणाला, "वालेंत, पुढच्या वेळी गायीलाच विचारतो." गाडीत बसलं की हा तोंडानं म्हणणार उजवीकडे आणि चाक वळवणार डावीकडे. यालझाला सेहेचाळीस वर्षांत सवय झाली होती. ती त्याच्या तोंडाकडे लक्षच द्यायची नाही, हाताकडे बघायची.

त्या दिवशीसुद्धा तिनं बघितलं. तो तिच्या समोर काचांच्या रिकाम्या पेटीवर बसला होता, दंड चोळत होता, आणि तो दंड तिच्या उजव्या अंगाला होता. तिला वाटलं, बरं, आज तोंड आणि हात एकच सांगतायत.

"कशानं दुखतोय?" तिनं विचारलं.

"सकाळी ती मोठी काच एकट्यानं टांगली ना."

"मी म्हणत होते इंब्रोला हाक मार."

"इंब्रोला हाक मारली की तो आधी बाटली काढतो. मग काच उचलतो. मग त्याला एका काचेच्या दोन दिसतात."

शेजारच्या तीस नंबरातनं इंब्रोचा आवाज आला, "ऐकू येतंय मला. प्लॅस्टिक आहे, भिंत नाही." इंब्रो म्हणजे त्यांच्या मुलाचा, झ्लातकोचा धर्मपिता, बाप्तिस्म्याला त्याला हातात धरलेला, त्या नात्यानं यालझाला कूमा म्हणणारा, तो पण काचवाला, दोघं एकाच शाळेतनं एकाच वर्षी पळालेले. झ्लातको जर्मनीत असतो.

यालझानं डबा उघडला. चिकन तळून आणलं होतं, काकडीची कोशिंबीर होती, वर भोपळ्याच्या बियांचं तेल. वालेंतनं डब्याकडे बघितलं आणि झाकण परत लावलं. हा माणूस आईच्या मयताच्या दिवशी पण दोनदा जेवला होता.

"काय होतंय नीट सांग."

"काही नाही. उकडतंय. आणि पाणी कडू लागतंय."

चेहरा मेणासारखा झाला होता. घाम तर सगळ्यांनाच येत होता, पण त्याचा घाम गार होता. तिनं कपाळाला हात लावून बघितलं, गार.

"चल, त्या कारंज्यापाशी नर्सा बसल्यात. दाखवून येऊ."

"कमिटी येऊन गेली की जाऊ."

आता कमिटीचं सांगायला पाहिजे. दरवर्षी जत्रेच्या शेवटच्या दिवशी तिघं जण तंबूतंबूत फिरतात आणि एक चित्र निवडतात. ते शहराच्या गॅलरीत भिंतीवर कायमचं लागतं, खाली पितळेच्या पट्टीवर नाव. बाकी काही नाही, नाव. वालेंत सव्वीस वर्षं येत होता. आणि नियम असा की चित्रकार स्वतः तंबूत हजर पाहिजे. बायको चालत नाही, पोरगा चालत नाही. कारण एका वर्षी एका जावयानं मेलेल्या सासऱ्याची चित्रं आपली म्हणून लावली होती आणि निवडून पण आला होता, मग सासूनं भर चौकात त्याला छत्रीनं मारलं. तेव्हापासून हा नियम.

"इंब्रो बसेल तुझ्या जागेवर," यालझा म्हणाली.

"बसतो की," इंब्रोनं प्लॅस्टिकच्या फटीतनं डोकं घातलं. "पण त्याच्यासारखं रडकं तोंड करायला मला सराव लागेल."

"तुला ओळखतात सगळे. तुझं नाक कमिटीच्या आधी तंबूबाहेर येतं," वालेंत म्हणाला. हसला पण थोडा. त्याला हसताना बघून यालझाला वाटलं, नसेल फार काही.

तरी ती उठली. कारंज्यापर्यंत गेली. गर्दी होती, लोक मक्याची कणसं खात होते, वाजंत्री होती, मध्येच कुणीतरी ओळखीचं थांबवून झ्लातको कसा आहे विचारत होतं. दवाखान्याच्या तंबूत दोघीच होत्या. एक जण आडव्या झालेल्या बाईचे पाय वर धरून बसली होती, बाईला उन्हानं भोवळ आली होती. दुसरी मुलगी होती, लोरेना नाव तिचं, छातीवर लावलेलं. बावीस-तेवीस वर्षांची असेल.

"बोला मावशी."

"माझ्या माणसाचा हात दुखतोय. आणि जेवत नाही."

"वय किती?"

"एकाहत्तर."

"छातीत दुखतं म्हणतात का?"

"नाही म्हणतो. उकडतंय म्हणतो."

"हात कुठला, डावा की उजवा?"

"उजवा."

"नक्की?"

"बघून आलेय मी. उजवा."

मुलीनं श्वास सोडला. तो यालझाला दिसला, आणि तिनं पण सोडला. "उजवा म्हणजे बहुतेक उचलाउचलीनं असेल," लोरेना म्हणाली. "काचवाले ना? सकाळपासून तिघं येऊन गेले, कुणाचा खांदा, कुणाची कंबर. तरी त्यांना इकडे घेऊन या, रक्तदाब बघते. मला आत्ता इथून हलता येत नाही. आले नाहीत तर मात्र परत सांगायला या, मग मी काहीतरी करते. आणि पाणी पाजा. दारू नको."

यालझा परत फिरली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. पुढं ती कितीदा तरी सांगायची, मला हलकं वाटत होतं गं, मी वाटेत थांबून एका बाईच्या लेसचा रुमाल पण बघितला. हे ती रडत रडत नाही सांगायची. नुसतं सांगायची.

तंबूत वालेंत पेटीवरच होता. पाठ खांबाला टेकवलेली.

"नर्स म्हणाली उचलण्यानं झालं असेल. पण ये म्हणाली."

"बघ. उचलण्यानं. मी काय म्हणत होतो."

"ये म्हणाली ना पण. दहा मिनिटं. जाऊ आणि येऊ."

"आणि त्या दहा मिनिटांत ते आले तर?"

"ते आत्ता बारावर आहेत. बघितलं मी येताना."

"बारा ते एकतीसला वेळ लागत नाही. निम्म्यांची चित्रं बघायला पाच सेकंद पुरतात. इंब्रोची तर तीन."

तिकडे इंब्रोकडे गिऱ्हाईक आलं होतं, नाही तर उत्तर आलंच असतं.

मग तिनं दुसरा उपाय केला. कमिटीतले हाबियान तिच्या ओळखीचे, त्यांच्या आईला ती दूध घालायची. ते झाडाखालच्या बाकावर सॉसेज खायला थांबले होते, मिशीला मोहरी लागलेली. तिनं त्यांना गाठलं.

"साहेब, एकतीस नंबर आधी बघता का? त्याला बरं नाही."

"यालझा मावशी, नंबरानं चाललंय हो. मधल्या अठरा जणांना सोडून मी तुमच्याकडे आलो तर ते माझे केस उपटतील. आणि आधीच आहेत किती."

"बसवत नाही त्याला."

"आडवं होऊ द्या की. नियमात हजर पाहिजे लिहिलंय, बसलेला पाहिजे असं कुठं लिहिलंय."

"आणि मेला तर?"

तिला स्वतःलाच कळलं नाही ती असं का बोलली. हाबियान हसले. "वालेंत? तो आपल्या सगळ्यांना पोचवून मग जाईल, मावशी. या, तुम्ही पण घास खा."

ती तशीच आली.

तंबूपाशी आल्यावर ती मागच्या बाजूला गेली. तंबूच्या चार कोपऱ्यांना चार दोऱ्या असतात, खुंट्यांना बांधलेल्या. तिनं मागची एक दोरी हातात धरली. तिच्या मनात आलं, ही सोडावी. तंबू बसला खाली की मग कुठला नंबर आणि कुठली हजेरी, येईल मग गुमान नर्सेकडे. गाठ तिनं अर्धी सोडली पण. मग तिला आतल्या काचा आठवल्या. अकरा काचा. दोन हिवाळ्यांचं काम. आणि त्यांच्याखाली तो बसलेला. तिनं गाठ परत आवळली. आवळताना नीट आवळली, घट्ट, कारण वारा सुटायला लागला होता.

मग ती आत गेली आणि त्याला ओल्या फडक्यानं वारा घालत बसली. दुसरं काय करणार. तीनदा म्हणाली चल. तिसऱ्यांदा तो जरा चिडून म्हणाला, "यालझा, सव्वीस वर्षं. आता दीड तास राहिलाय."

तो तिला नावानं कधी हाक मारायचा नाही. म्हातारे म्हणायचा, लग्न झालं तेव्हा ती एकोणीसची होती तेव्हापासून म्हातारे. नाव घेतलं म्हणून ती परत वारा घालायला लागली. परत नर्सेला सांगायला जायचं होतं, पण गेली नाही. उजवा हात आहे, तिनं मनाशी म्हटलं. उजव्याचं काही नसतं.

साडेचारला कमिटी आली. हाबियान, एक दाढीवाला मास्तर, आणि राजधानीतनं आलेल्या एक बाई, पातळशा, गळ्यात चष्मा. वालेंत उठून उभा राहिला. यालझानं त्याला कोपराला धरलं तर त्यानं हळूच झटकलं. शर्टाची बटणं लावली त्यानं, वरपर्यंत.

मोठ्या काचेवर गवत कापायचं चित्र होतं. नदीकाठचं कुरण, बारा माणसं एका रांगेत, लांब दांड्यांचे विळे, मागं बायका डोक्यावरनं न्याहारी आणतायत, कुत्रं, बगळे. प्रत्येक माणसाचा चेहरा वेगळा, सगळे गावचे, निम्मे आता मसणात. त्यातला एक वालेंतचा बाप होता.

तिघं बराच वेळ बघत राहिले. इतका वेळ कधीच कुणी थांबलं नव्हतं. यालझा मनात मोजत होती, पाच सेकंद, दहा, वीस.

मग बाई म्हणाल्या, "हे सगळे डावखुरे आहेत का?"

वालेंतनं चित्राकडे बघितलं. यालझानं पण बघितलं. बारा जणांचे विळे उलट्या बाजूला होते. बारा जण डाव्या हातानं कापत होते. आमच्याकडे विळा तसा धरतच नाही कुणी. डावखुरा असला तरी बाप मारून मारून उजव्यानं शिकवतो, नाही तर रांगेत शेजाऱ्याचा पाय कापला जाईल. वालेंतनं कच्चं चित्र काचेखाली उलटं करून ठेवायचं, ते तसंच सुलटं ठेवलं होतं. पन्नास वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं होतं आणि दोन हिवाळे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्याही आलं नव्हतं. रोज बघत होती ती.

"त्या वर्षी गवतच तसं आलं होतं, बाई," वालेंत म्हणाला. "उजवीकडनं कापूच देत नव्हतं."

तिघं हसले. बाई तर खूप हसल्या, त्याच्या खांद्याला हात लावला त्यांनी. हाबियाननी काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाले, "सुंदर काम आहे वालेंत, मनापासून सांगतो." आणि बत्तीस नंबरात गेले.

बत्तीसमध्ये एक तरुण बाई होती, बर्फाची चित्रं काढायची. प्लॅस्टिक पातळ. कमिटीतल्या बाईंचा आवाज ऐकू आला, "हे बघा. हे." मग दाढीवाल्या मास्तराचा, "हो, हेच." मग खुर्ची ओढल्याचा आवाज.

वालेंत उभाच होता. मग म्हणाला, "काढायला घेऊ या म्हातारे."

"निकाल सहाला आहे."

"निकाल लागला की आत्ता. कान आहेत मला."

"आता तरी चल नर्सेकडे."

"एवढी मोठी काढतो आणि जाऊ. ही खाली ठेवली की माझं काम झालं."

"इंब्रो—"

"इंब्रोला मरू दे."

त्यानं मोठी काच हुकावरनं काढली. काढली तर खरी, नीट काढली, एक ओरखडा नाही. मग पेटीवर बसला आणि काच मांडीवर उभी धरली. तिथून त्यानं तिच्याकडे बघितलं. म्हणाला, "धर."

तिनं धरली. दोन्ही हातांनी, खालून आणि बाजूनं, आमच्याकडे पोरींना शिकवतात तशी. पाच वर्षांच्या असल्यापासनं शिकवतात. काच हातात आली की दुसरं काही दिसता कामा नये, साप चावला तरी आधी काच ठेवायची, मग ओरडायचं. तिनं काच छातीशी घेतली आणि त्याच वेळी तो पेटीवरनं कलला. हळूहळू कलला, झोप लागलेल्या माणसासारखा. तिच्या समोर, हाताच्या अंतरावर. तिनं पाय पुढं केला त्याला अडवायला. हात नाही केले. हातात काच होती.

काच टाकली नाही तिनं. एवढंच तिच्या मनातनं जात नाही. टाकली असती तर त्याला धरलं असतं, निदान डोकं तरी आपटलं नसतं. टाकायचं सुचलंच नाही. तिला वाटतं, सुचलं होतं आणि हातांनी ऐकलं नाही.

"इंब्रो," ती म्हणाली. ओरडली नाही, नेहमीच्या आवाजात म्हणाली, कारण ओरडलं की काच हलते.

इंब्रो आला, मग बत्तीसची बाई, मग लोक. कुणीतरी कारंज्याकडे पळालं. लोरेना पिशवी घेऊन धावत आली, गुडघ्यावर बसली, वालेंतनं वरपर्यंत लावलेली बटणं ओढून तोडली आणि छाती दाबायला लागली. मोजत होती मोठ्यानं. तीस झाले की परत एकपासून. अ‍ॅम्ब्युलन्सला गर्दीतनं आत यायला वेळ लागला, बँडवाल्यांना कळलं नव्हतं, ते वाजवतच होते. यालझा कोपऱ्यात काच धरून उभी. शेवटी इंब्रोनं तिची बोटं एकेक करून सोडवली. "दे कूमा, दे. माझ्याकडे दे. मी नाही फोडणार," म्हणत होता, आणि रडत होता.

बुधवारी माती झाली. झ्लातको म्युनिकहून आला, बायको आणि पोरी घेऊन. बत्तीसच्या त्या बाईचं चित्र निवडलं गेलं होतं. ती पण आली होती, लांब उभी राहिली. हाबियाननी हार पाठवला. पाद्र्यानं चांगलं सांगितलं, पण वालेंतचं वय दोन वर्षं जास्त सांगितलं.

मातीनंतर जेवण असतं. अंगणात टेबलं मांडली होती, सूप आणि शेवया, उकडलेलं मटण. इंब्रो यालझाच्या शेजारी बसला होता. पीत नव्हता. बोलायचं काहीतरी म्हणून बोलला, "सकाळीच मला दिसलं होतं, कूमा. माझ्याकडनं घोट घ्यायला आला तर पेला उजव्या हातात, आणि डावा नुसता लोंबत होता. म्हटलं, काय झालं डाव्याला? तर म्हणतो, झोपलो त्यावर. मी आपला हसलो."

यालझानं चमचा खाली ठेवला.

"डावा?"

"डावा. हाच." इंब्रोनं आपला डावा दंड धरून दाखवला. तो तिच्या शेजारी बसला होता, समोर नाही.

जेवणं उरकली. पाहुणे गेले. मग तिनं नणंदेला, वालेंतच्या बहिणीला, यानाला, स्वयंपाकघरात बोलावलं. खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर बसली.

"हात चोळ," म्हणाली.

"कुठला?"

"डावा."

यानानं डावा दंड चोळला. यालझा बघत राहिली. तो तिच्या उजव्या अंगाला आला. समोर बसलेल्या माणसाचा डावा आपल्या उजव्याच अंगाला येणार, त्यात काय आहे, लहान पोराला पण कळतं. पण सेहेचाळीस वर्षं काचवाल्याच्या घरात राहिलं की माणसाचं बघणंच तसं होतं. समोर जे आहे ते काचेतनं बघितल्यासारखं बघतं माणूस. वालेंत तोंडानं उलटा बोलला आणि ती डोळ्यांनी उलटं बघून आली, आणि दोन उलट्यांचं मिळून सुलटं होतं ना, तसं झालं नाही. दोघांचं एकच चुकलं.

"पुरे," ती म्हणाली. याना तरी चोळतच होती, तिला काही समजलं नव्हतं. समजावून सांगितल्यावर तिनं हात खाली घेतला.

झ्लातकोनं गावच्या डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाला, हृदयाचं दुखणं दोन्ही हातांत येऊ शकतं, कधी कुठंच येत नाही, आणि दीड वाजता नेलं असतं तरी काही सांगता येत नाही.

"सांगता येत नाही म्हणजे?" यालझानं विचारलं. "वाचला असता की नसता?"

"सांगता येत नाही म्हणजे सांगता येत नाही, आई."

"मग डॉक्टर कशाला झालाय तो."

झ्लातको गेला. नोकरी आहे, राहून राहून किती राहणार. चल म्हणाला आमच्याकडे, ती म्हणाली कोंबड्या कोण बघेल. अकरा काचा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. इंब्रो आला होता एकदा, म्हणाला मी विकून देतो, चांगल्या घरी जातील. ती हो पण म्हणाली नाही आणि नाही पण म्हणाली नाही.

दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी सकाळची बस थांबली आणि ती मुलगी उतरली, लोरेना. साध्या कपड्यात होती, म्हणून यालझानं आधी ओळखलं नाही. हातात फडक्यात बांधलेलं ताट, खसखस भरलेल्या गोड पावाची गुंडाळी आणली होती आईनं केलेली. दारात उभी राहिली आणि आत येऊ का असं पण तिला विचारता येईना.

"ये पोरी. बस. कॉफी ठेवते."

कॉफी झाली. गुंडाळी कापली. लोरेनानं खाल्ली नाही. घराचं बोलली, उन्हाळ्याचं बोलली. मग पेल्याकडे बघत म्हणाली, "मावशी, एक विचारू? मला सारखं वाटतं. तुम्ही आलात तेव्हा मी हात विचारला होता."

"विचारलास."

"तुम्ही उजवा म्हणालात."

"म्हणाले."

"मी रोज ते आठवते. मला वाटतं कदाचित तुम्ही डावा म्हणालात आणि मी उजवा ऐकलं. वाजंत्री चालली होती ना. मी दुसरीला पण विचारलं, ती म्हणते मला ऐकू आलं नाही. मला झोप लागत नाही मावशी. पुढच्या महिन्यात मला हॉस्पिटलात लागायचंय आणि मी आईला म्हणतेय, नाही जात. मी खरंच काय ऐकलं? कुठला हात होता?"

यालझा तिच्या समोर बसली होती. मुलीचा एक हात टेबलावर होता, बोटांच्या कडा चावून चावून लाल केलेल्या. तिला सांगावंसं वाटलं. कुणाला तरी सांगायचंच होतं, यानाला सांगून भागलं नव्हतं, ही मुलगी नर्स आहे, हिला कळलं असतं. तोंडापर्यंत आलं.

"उजवाच होता," ती म्हणाली.

"नक्की?"

"माझा नवरा होता तो. मला माहीत नसणार? उजवा होता, तू उजवाच ऐकलंस, आणि ये म्हणालीस. तो आला नाही. हट्टी होता. यात तुझं काही नाही."

लोरेनानं पेला बाजूला सरकवला. तिनं गुंडाळीचा तुकडा उचलला आणि खाल्ला, मग दुसरा. भूक लागली होती तिला. यालझानं अजून एक कापून दिला. परतीची बस साडेअकराची होती, ती पळतच गेली, फाटकातनं वळून हात केला.

ती गेल्यावर यालझाच्या लक्षात आलं, ताट राहिलं. तिनं उरलेली गुंडाळी काढून ठेवली, ताट धुतलं, आणि फाटकापर्यंत गेली. बस वळणावर होती. मग परत आली. ताटाखाली पट्टी चिकटवली होती, त्यावर मुलीच्या आईचं नाव आणि फोन नंबर, लग्नाकार्यात ताटं हरवू नयेत म्हणून बायका लावतात तशी. गुरुवारी इंब्रो शहरात जातो, त्याच्याकडे देता आलं असतं. पण आमच्याकडे कुणाचं ताट रिकामं परत देत नाहीत, त्यात काहीतरी घालावं लागतं. घरात पीठ होतं, अंडी होती, साय होती. यालझा ओलं ताट हातात धरून ओट्यापाशी उभी राहिली, आणि खोटं सांगून पाठवलेल्या पोरीच्या ताटात काय घालायचं ते तिला सुचेना.